पडला की पाडला?

दहावीचा निकाल लागला की मुरगुडात पोरगं 'नापास झालं' म्हणतात. निवडणुकीचा निकाल लागला की उमेदवार 'पाडला' म्हणतात. पोराला कुणी पाडत नाही आणि उमेदवार आपण होऊन कधी पडत नाही, असं कागल तालुक्याचं व्याकरण आहे. या तालुक्याला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात, ते उगाच नाही. नापास होण्याची सोयच नसलेलं दुसरं विद्यापीठ दाखवा!

'नापास' या शब्दाचीही मोठी गंमत. 'ना' फारसीतला, 'पास' साहेबाचा. दोघांची सोयरीक जुळली आणि वळ उठले ते आमच्या पाठीवर. शुद्ध बोलणाऱ्यांनी मग 'अनुत्तीर्ण' काढला. उत्तीर्ण म्हणजे पलीकडच्या काठाला लागलेला. या हिशेबानं वेदगंगेला पूर येऊन कुरणीचा बंधारा बुडाला, की अलीकडे मोटारसायकली लावून बसलेले सगळेच अनुत्तीर्ण. त्यात गणिताचे मास्तरही आले.

सरकारला अखेर दया आली. 2016 मध्ये दहावीच्या गुणपत्रिकेवरून नापासाचा शेरा काढायचं ठरलं आणि फेरपरीक्षेतही अडकलेल्या पोरांसाठी 'कौशल्य विकासास पात्र' हा नवा शेरा आला. गणित होतं तिथंच राहिलं. अशी गुणपत्रिका घरी आल्यावर एखादी आज्जी विचारणारच, "म्हंजे सरकारनं निवडलं व्हय रं तुला?" आणि पोरगं मान डोलावणारच. साखर वाटायला आणखी काय लागतं?

उमेदवारांच्या बाबतीत मात्र कायदा फारच दांडगा. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत थेट जप्त. लोकसभेला 25 हजार रुपये. अर्थात परीक्षेची फी पास झालं तरी परत मिळत नाही, म्हणून पोरांनी फार हसू नये.

मुरगूडनं गुलालही पाहिलाय आणि कोरडा निकालही. पक्षानं तिकीट नाकारल्यावर 2009 मध्ये सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि लोकसभेत गेले. त्यांचे चिरंजीव संजय मंडलिक 2014 ला पडले, 2019 ला अडीच लाखांवर मतांनी आले आणि 2024 ला दीड लाखावर मतांनी पुन्हा पडले. मतदारयादी साधारण तीच. कॉलेजच्या पोरांना यात एटीकेटी दिसते. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर मात्र कुठलाही निकाल इतका सरळ नसतो. "जोडण्या कमी पडल्या," एक म्हणतो. "आतनं कार्यक्रम झाला," दुसरा म्हणतो. 'मतं कमी पडली' असं कुणी म्हणालंच, तर त्याच्या चहाचे पैसे त्यालाच द्यावे लागतात.

तालमीत ही भानगड नाही. मुरगूडच्या पोरी कुस्तीत राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत धडकतात, त्यांना विचारा. दोन्ही खांदे टेकले, पंचानं हात मारला, उठायचं आणि समोरचीच्या हातात हात द्यायचा. आतनं कुणी काय केलं, ही चौकशी नाही.

पण पडलेल्या पुढाऱ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न आमच्याकडे सरकारच्याही आधी सुटलाय. त्याला 'भावी' म्हणतात. निकालानंतरच्या पहिल्याच वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो: हात जोडलेला फोटो, खाली कार्यकर्त्यांची चाळीस मुंडकी आणि वर ठळक अक्षरांत 'भावी आमदार'. छापणारा एकच शंका काढतो, "साल घालू का?"

"नको," कार्यकर्ता म्हणतो. "साल मोकळं ठेव. फ्लेक्स परत वापराय येतोय."