साधं की पॉवर? मानपाडावासीयांसाठी इंधननिवडीचे शास्त्र

सर्वप्रथम आपण कोणत्या मानपाड्यात राहता हे निश्चित करून घ्यावे. ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक घोडबंदर रोडवर, कापूरबावडी आणि पातलीपाड्याच्या मध्ये. दुसरे डोंबिवली पूर्वेला, जिथे मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो तिथे. पोलिसांनी आपापल्या परीने तोडगा काढला आहे: डोंबिवलीचे ते 'मानपाडा' पोलीस ठाणे आणि ठाण्याचे ते 'चितळसर-मानपाडा'. मेट्रोवाल्यांनी तेवढीही तसदी घेतलेली नाही. चौथ्या मार्गिकेवर एक मानपाडा स्थानक आहे आणि बाराव्या मार्गिकेवर दुसरे. पुढे काय गोंधळ होतील ते होवोत. आपला विषय पेट्रोल आहे.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र हा नामसाम्याचा घोळ केवळ घोळ नव्हता, ते एक अर्थशास्त्र होते. ३० जून २०२४ पर्यंत ठाणे महापालिकेच्या हद्दीत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. मुंबई आणि नवी मुंबईलाही हेच. कल्याण-डोंबिवली मात्र 'उर्वरित महाराष्ट्र' या सदरात होती. तिथे व्हॅट २५ टक्के आणि वर तेच ५ रुपये १२ पैसे. म्हणजे रोज सकाळी लोकलला लोंबकळून मुंबई चालवायला जाणारा डोंबिवलीकर पेट्रोलच्या पंक्तीत मात्र गडचिरोलीच्या शेजारी बसत असे. या अपमानाची भरपाई त्याला एक टक्क्याने मिळे, आणि ती तो मनापासून घेई.

(५ रुपये १२ पैशांतले बारा पैसे कसले, असे कोणी विचारील. २०१५ साली दुष्काळाच्या नावाने लिटरला दोन रुपये अधिभार लागला. मग तो चढला, उतरला, २०२० मध्ये १० रुपये १२ पैशांवर गेला आणि जुलै २०२२ मध्ये सरकारने पाच रुपये कमी केले तेव्हा ५.१२ उरला. दुष्काळ संपला की नाही याची नोंद पंपावर मिळत नाही. चार आण्याचे नाणे २०११ साली बंद झाले, पण बारा पैसे चालू आहेत.)

आता प्रात्यक्षिक. समजा, आपण ठाण्याच्या मानपाड्यात राहता आणि एक टक्का वाचवण्यासाठी डोंबिवलीच्या मानपाड्यात टाकी भरायला निघालात. माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, काटई असे पंचवीसेक किलोमीटर होतात. जाऊन-येऊन पन्नास. गाडी लिटरला पंधरा देते असे धरू (आपण बिल्डिंगमध्ये वीस सांगता, तो आकडा इथे वापरू नये). म्हणजे साधारण साडेतीनशे रुपयांचे पेट्रोल जळाले. वाचले किती? एक टक्क्याचा फरक लिटरला पासष्ट पैसे, तीस लिटरला साडेएकोणीस रुपये. एका वडापावाला थोडे कमीच पडतात. पण वडापाव कुणी फुकट दिला तर माणूस किती लांब चालत जातो, याचा विचार केल्यास हा प्रवास अगदीच असमर्थनीय ठरत नाही.

दुर्दैवाने ही वाट आता बंद आहे. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मुंबई परिसरातला पेट्रोलचा व्हॅट २६ वरून २५ टक्क्यांवर आणला आणि १ जुलैपासून दोन्ही मानपाडे एका पातळीवर आले. त्यातला क्रूर योगायोग असा की त्याच सुमारास मोठागाव-माणकोली पूल खुला झाला आणि ठाणे-डोंबिवली अंतर घटले. जाण्यासारखे काही होते तेव्हा पूल नव्हता. पूल आला तेव्हा कारण गेले. सरकारी कामात सुसूत्रता नसते असे म्हणणाऱ्यांनी ही सुसूत्रता पाहावी.

तरीही हाडाच्या साधकाने निराश होऊ नये, कारण कर समान झाले तरी भाव समान होत नाहीत. डेपोपासून पंपापर्यंत टँकर आणण्याचे भाडे भावात मिसळते. परभणीचे पेट्रोल वर्षानुवर्षे राज्यात महागांत गणले गेले, ते मनमाडच्या डेपोपासून तिथवरच्या लांब वाटेमुळे. आपल्याकडे हा फरक पैशांत असतो. समोरासमोरच्या दोन कंपन्यांच्या पंपांवरही तो दिसू शकतो. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला ठरतात. त्याआधी ते महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत, आणि भाववाढीच्या आदल्या रात्री पंपावर जी रांग लागे, तिच्यात ओळखी होत, स्थळे सुचवली जात. रोजच्या भावाने ते सामाजिक जीवन संपवले. मार्च २०२४ च्या दोन रुपयांच्या कपातीनंतर तर पुढे वर्षभराहून अधिक काळ कंपन्यांनी भाव जवळपास हलवलाच नाही. रोज सहाला उठून बदलायची सोय ठेवायची आणि बदलायचे नाही, हे आपल्या जिमच्या वर्गणीसारखेच झाले.

महत्त्वाकांक्षी लोकांसाठी गुजरात आहे. तिथे कर कमी, म्हणून पेट्रोल लिटरला आठ-नऊ रुपयांनी स्वस्त. तलासरीच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. घोडबंदर रोडच्या मानपाड्यातून मात्र सीमा शंभर किलोमीटरच्या पुढे, वाटेत खानिवडे आणि चारोटीचे टोल. पावणेतीनशे रुपये वाचवण्यासाठी दीड हजाराचे पेट्रोल जाळावे लागते. उंबरगावला मेहुणा असल्यास दीड हजार त्याच्या खात्यावर टाकावेत आणि पावणेतीनशे आपल्या. हिशेब वहीत शोभतो.

आता मुख्य परीक्षा. आपण पंपावर गाडी लावता, मुलगा नोझल हातात घेऊन विचारतो, "साधं की पॉवर?" प्रश्न इंधनाचा नाही, आपल्या कुळाचा आहे. बायको शेजारी बसलेली असते. मागे इनोव्हावाला असतो. अशा वेळी "साधं" हा शब्द ज्या स्वरात निघतो, तोच स्वर उडप्याकडे "साधा डोसा" म्हणताना निघतो: आवाज थोडा मोठा, नजर दुसरीकडे आणि चेहऱ्यावर तत्त्वनिष्ठा.

उत्तर द्यायचे तर ऑक्टेन म्हणजे काय हे कळायला हवे. ऑक्टेन ही ताकद नव्हे. तो संयमाचा आकडा आहे. लग्नात मंगलाष्टके चालू असतात. शेवटच्या 'सावधान'नंतर अक्षता टाकायच्या असतात. पण मांडवात गर्दी झाली, उकडायला लागले की मागच्या रांगेतल्या काही लोकांचा धीर सुटतो आणि ते आधीच मूठ मोकळी करतात. इंजिनात पिस्टन पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो, दाबाने ते तापते. प्लगच्या ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकले, तर ठोके ऐकू येतात. मेकॅनिक म्हणतो, "इंजिन ठोकतंय." धीर न सुटण्याची शक्ती म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेनला शंभर गुण, हेप्टेनला शून्य, बाकी बहुतेक सगळे यांच्यामध्ये. ज्या इंजिनात दाब जास्त, म्हणजे मांडव गच्च, तिथे शिस्तीचे पाहुणे लागतात. ज्या गाडीचा मांडव निम्मा रिकामा आहे, तिला शंभर ऑक्टेनचे पेट्रोल घालणे म्हणजे वीस माणसांच्या साखरपुड्याला बंदोबस्त मागवणे. ते मिळतेही: २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० आणले, भाव लिटरला दीडशेच्या पुढे. कुर्ल्यात बनलेली आपली पद्मिनी हे ऐकून भोवळ येऊन पडली असती.

शिस्त लावण्याचे जुने औषध शिसे होते. अमेरिकेत थॉमस मिजली यांना १९२१ साली ते सापडले आणि पुढे अर्धे शतक जगाने ते श्वासातून घेतले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झाले. शिशानंतर आता औषध उसाचे आहे.

आणि इथेच आपले सगळे शास्त्र उताणे पडते. बीएस-६ मध्ये साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१. पण आता पंपावर मिळते ते ई-२०, म्हणजे पाच लिटरमध्ये एक लिटर इथेनॉल: ऊस, मका किंवा तुकडा तांदळाचे. इथेनॉलचा धीर शंभराच्याही वर असल्याने ई-२० च्या मानकात ऑक्टेन किमान ९५ ठरवले आहे. 'पॉवर'च्या ज्या ९५ साठी आपण लिटरला सात-आठ रुपये जादा मोजून इनोव्हावाल्याकडे ताठ मानेने पाहत होतो, ते 'साधं' म्हणून आपल्या टाकीत पडते आहे. पडेना का. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने सांगून ठेवले होते की जुन्या धाटणीच्या, ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचे अॅव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. सहा टक्के म्हणजे लिटरमागे सहा रुपये. आपण पासष्ट पैशांसाठी शीळफाटा पालथा घालत होतो, त्याच्या नऊपट रक्कम सांगली-कोल्हापूरच्या उसातून येऊन टाकीतच बसली. तिच्यासाठी कुठल्याच मानपाड्याला जावे लागत नाही.

तेव्हा निवड करायची कशी? टाकीचे झाकण उघडावे. आतल्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर आकडा असतो. नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यात मॅन्युअल आहे; पीयूसीच्या कागदांखाली, शिर्डीच्या उदीच्या पुडीशेजारी. त्यात लिहिले असेल तेवढेच घालावे. टर्बोवाल्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे, बाकीच्यांनीही वाचावे, कारण गाडी घेतल्यापासून ते कोणी उघडलेले नाही.

पंपावरचे आचरण थोडक्यात. गाडीतून उतरावे. "झीरो बघा" असे मुलाने म्हणण्याआधी आपण झीरो बघितलेला असावा. पाचशेऐवजी पाचशे सात रुपयांचे मागावे. याने नेमके काय होते हे कुणालाच माहीत नाही, पण मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेज येते. खरा उपाय वेगळा आणि फुकट आहे. शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. प्रत्येक पंपावर ते असते, ग्राहकाला मोजून दाखवावे लागते आणि २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यभर पंपांवर छापे टाकून मशीनमधल्या चिपा आणि कार्डे बाहेर काढली, तेव्हा कळले की आपण भावाकडे टक लावून पाहत होतो आणि पेट्रोल मापात कमी येत होते. तरी माप मागायला धीर होत नाही. मागे रांग असते, इनोव्हावाला हॉर्न देतो. या बाबतीत माझे स्वतःचे ऑक्टेन फार कमी आहे. पाचशे सात मी नेहमी म्हणतो, माप एकदाच मागितले, आणि मुलाने "साहेब, खरंच?" असे विचारताच "नको, असू दे" म्हणालो.

वही मात्र ठेवावी. तारीख, लिटर, भाव, किलोमीटर. माझी २०११ पासूनची आहे. तीत घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली गाडी उभी असताना जळालेल्या पेट्रोलचा रकाना नाही. चालू ठेवलेले इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पिते, आणि तो आकडा लिहायला लागलो तर वही पुरणार नाही.

मागच्या महिन्यात सांगलीहून भाचा गाडी घेऊन आला. संध्याकाळी फोन. "मामा, पोचलो मानपाड्यात. बिल्डिंग कुठली?"

"समोर काय दिसतंय?"

"मानपाडा पोलीस ठाण्याचा बोर्ड. आणि पेट्रोल पंप आहे एक."

पोळ्यांचे काय करायचे असे हिने आतून विचारले. मी वही ओढली, पेनाचे टोपण काढले आणि म्हणालो, "तू आहेस तिथेच थांब. आधी पंपावरचा भाव वाच."