बॅचचा खजिनदार

सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातून बाहेर पडलेल्या प्रत्येक बॅचमध्ये हुशार चार-पाच असतात, पुढारी दोन-तीन असतात. खजिनदार मात्र एकच. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं. पंचविसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात जेवणाची वर्गणी गोळा करायला म्हणून तो उभा राहतो आणि मग बसतच नाही.

आमचा खजिनदार पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. जन्मभर त्याने लोकांच्या निविदा उघडल्या, आता लोकांचे खिसे उघडतो. फोनवर पैशांचं नाव सुरुवातीला काढत नाही. तुमचे गुडघे, सुनेची बदली, नातवाची शाळा असं सगळं विचारून झालं की सुस्कारा टाकून म्हणतो, ‘‘परवा कॉलेजात गेलो होतो रे.’’ हे वाक्य कानावर पडलं की जाणकार माणसाने नेटबँकिंगचा पासवर्ड आठवायला घ्यावा.

बहाणे त्याच्यापुढे टिकत नाहीत. २०२३ साली नंदन नीलेकणींनी पवईच्या आयआयटीला ३१५ कोटी दिले, ती बातमी आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली आणि खाली लिहिलं, ‘‘खजिनदार, अशा माणसाला गाठ.’’ त्याचं उत्तर तयार होतं: ‘‘गाठलं असतं, पण ते पवईचे. आपल्याकडे तूच आहेस.’’

एकाने विचारलं, ८०-जीची सूट मिळेल का? खजिनदार म्हणाला, मिळेल. पण दोन हजारांच्या वर रोख देऊ नकोस आणि नवीन कर प्रणाली घेतली असशील तर सूट विसर. ‘‘मग माझा काय फायदा?’’ असं तो म्हणताच खजिनदाराने त्याला त्याची चार वर्षांची एकूण फी सांगितली. ती आज दोघांच्या हॉटेलच्या बिलाएवढी भरते. उरलेला खर्च कुणी केला, हा प्रश्न त्याने शेजारच्याला विचारल्यासारखा हवेत सोडून दिला.

अमेरिकेतला मित्र भेटला की ‘कसा आहेस’च्या आधी तो ‘पासपोर्ट कुठला’ विचारतो. भारतीय असेल तर लगेच खातेक्रमांक देतो. अमेरिकी असेल तर ती देणगी परदेशी ठरते, संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते आणि ती आमच्या माजी विद्यार्थी संघाकडे नाही. अशा मित्राला तो चहा पाजतो आणि त्याच्या इथल्या भावाचा नंबर घेतो.

कोण किती देईल याचा त्याचा आडाखा पगारावर बसवलेला नाही, गुणपत्रिकेवर आहे. सुवर्णपदकवाला पैसे देत नाही, ऑडिट रिपोर्ट मागतो. पहिल्या वर्गात पास झालेला ‘बघतो’ म्हणतो. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत मिळवलेला मात्र आकडासुद्धा न विचारता देतो. ‘‘बरोबरच आहे,’’ खजिनदार सांगतो, ‘‘हुशारांना वाटतं, आपण आपल्या डोक्याने पास झालो. केटीवाल्याला माहीत असतं की त्याला कॉलेजने पास केलं.’’

दात्यांची दुसरी अडचण पाटीची. प्रेक्षागृहाला नाव द्यायला सगळे तयार, ग्रंथालयाला तर आई आणि वडील दोघांचं द्यायचं असतं. गरज होती मुलींच्या स्वच्छतागृहाची. आमच्या वर्गात मुली होत्या तीन. आता मुलींची संख्या कितीतरी वाढली, नळ मात्र तेवढेच राहिले. स्वच्छतागृहावर तीर्थरूपांचं नाव लावायला कोण तयार होणार? खजिनदाराने तोड काढली. पैसे स्वच्छतागृहाला द्यायचे, नाव प्रेक्षागृहाच्या भिंतीवर लागेल. आठवड्यात रक्कम जमली.

पण सरकारकडून पैसे काढण्यापेक्षा सरकारला पैसे देणं अवघड, हे त्याला तेव्हा कळलं. जमीन शासनाची, इमारतीची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि प्राचार्य बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत बसलेले. अंदाजपत्रक, ना हरकत, पुन्हा अंदाजपत्रक. दुसरा कुणी असता तर पैसे परत करून मोकळा झाला असता. याने तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून फायली अडवलेल्या, त्यामुळे कुठली फाईल कुठे अडते हे त्याला तोंडपाठ. नॅकची समिती येणार असल्याची कुणकुण लागली तशी त्याने वेळ साधली. माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा रकाना त्यांच्या तक्त्यात असतोच. प्राचार्यांनी त्याला स्वतः फोन करून ‘सर’ म्हटलं आणि महिन्याभरात फरशा बसल्या. सोबत दिलेला वॉटर कूलर रीतसर जडसंग्रह नोंदवहीत चढला. आता तो बिघडला तरी निर्लेखन होईपर्यंत जागचा हलणार नाही.

मीही एकदा चांगली रक्कम पाठवली आणि सुटलो असं समजून निर्धास्त झालो. पावती आली, यथावकाश करासाठीचं दहा-बीई प्रमाणपत्र आलं, आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला. गुडघे झाले, सुनेची बदली झाली, आणि तो म्हणाला, ‘‘परवा कॉलेजात गेलो होतो रे.’’

‘‘अरे, मी दिलेत की!’’

‘‘म्हणून तर तुला फोन केला,’’ तो म्हणाला. ‘‘जे देत नाहीत त्यांच्यापुढे डोकं फोडायला मला वेड लागलंय का?’’