मीठ अगदी बेताचं

गेल्या पावसाळ्यात मला इटालियन स्वयंपाकाच्या प्रेमकादंबऱ्यांचं व्यसन लागलं. यातली गंमत अशी, की त्या लिहिणारे बरेचदा इटालियन नसतातच. सिसिलीच्या स्वयंपाकघरात घडणारी 'ला कुचिना' लिहिणारी लिली प्रायर ब्रिटिश, आणि रोममधलं 'द फूड ऑफ लव' लिहिणारा अँथनी कॅपेलाही ब्रिटिश. खुद्द इटालियन माणूस तेवढ्या वेळात जेवत असावा.

साचा ठरलेला. पोळलेल्या मनाची नायिका इटलीत उतरते. पहिल्या प्रकरणात टोमॅटो, तिसऱ्यात लसूण, पाचव्यात नायक. नायकाचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, पण नंतर ओटा कोण पुसतं ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. आन्तिपास्तो, मग पास्ता, मग मांस-मासळी, मग गोड, एवढं सगळं रात्री दहाला जेवूनही ही माणसं चांदण्यात प्रेम करू शकतात. आम्ही रात्री दहाला दोन घास जास्त खाल्ले तर चांदण्यात शतपावली करतो, तीही एकमेकांशी न बोलता.

पण तिकडे अन्नाला प्रेमाची फोडणी देण्याची रीतच आहे. तोर्तेलिनी या पास्त्याचा आकार म्हणे व्हीनसच्या बेंबीवरून सुचला. खाणावळवाल्याने कुलपाच्या भोकातून पाहिली होती. तालियातेल्ले या लांब पट्ट्या लुक्रेझिया बोर्जियाच्या सोनेरी केसांवरून. आमच्याकडे जेवणात केस निघाला तर ताट बाजूला सारतात; तिकडे केसावरून पदार्थ काढला! ही केसांची कथा बोलोन्याच्या अगुस्तो मायानी नावाच्या विनोदी चित्रकाराने १९३१ साली रचलेली थाप आहे, हे मला नंतर कळलं. त्याच बोलोन्यात १९७२ साली शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर ठरवून तिचा सोन्याचा नमुना व्यापारी मंडळाच्या कचेरीत ठेवला. थाप मारावी तर अशी, आणि माप घ्यावं तर असं.

मला खरा धक्का दिला तो 'द फूड ऑफ लव'ने. २००४ची ही कादंबरी. रोममध्ये शिकायला आलेली अमेरिकन लॉरा ठरवते, की प्रेम करायचं तर स्वयंपाक येणाऱ्यावरच. देखणा तोमासो तिला आपण शेफ असल्याचं सांगतो. असतो वेटर. रांधतो त्याचा लाजाळू मित्र ब्रूनो, आणि तोही मनातून तिच्यावरच भाळलेला. म्हणजे एडमाँ रोस्ताँच्या १८९७च्या 'सिरानो द बर्जराक' नाटकाचीच गोष्ट. तिथे सज्ज्याखाली अंधारात उभा राहून सिरानो शब्द पुरवतो आणि रोक्सानचं प्रेम मिळतं देखण्या ख्रिस्तियाँला. कॅपेलाने शब्दांच्या जागी पदार्थ ठेवले.

पुस्तक मिटलं आणि मला घाम फुटला. ही गोष्ट मी वाचली नव्हती, केली होती!

अठ्ठावीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या आमच्या घरी मला बघायला हे आले, तेव्हा पोहे केले होते मावशीने. पोहे चाळणीत भिजवणं, फोडणीत शेंगदाणे तळणं, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणणं, सगळं तिचं. माझं कर्तृत्व वरून खोबरं भुरभुरण्याएवढं. तरी ट्रे माझ्या हातात, आणि बाबा म्हणाले, "सगळं हिनंच केलंय हो." मावशी दाराआड उभी होती. ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "छान झालंय. मीठ अगदी बेताचं." तिथेच लग्न ठरलं. म्हणजे मी तोमासो, आणि ब्रूनो दाराआड पदराला हात पुसत होता.

अपराध कबूल करायचा तर वातावरण हवं, म्हणून मी नापोलीची स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो करायला घेतली. लसूण, तेल, सुकी मिरची, संपलं. इटालियन हिशोब पाठ केला होता: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. लसूण करपू नये, नुसता सोनेरी व्हावा, म्हणून मी कढईवर अशी नजर रोखली, की शेजारच्या पातेल्यात मीठ घालायचं साफ राहून गेलं. हे मला पहिल्या घासाला कळलं. स्पॅगेटी सपशेल अळणी.

ह्यांनी काट्याला गुंडाळून तोंडात घातली, सावकाश चावली आणि म्हणाले,

"छान झालंय. मीठ अगदी बेताचं."

मी काटा खाली ठेवला. "अहो, मीठ घातलेलंच नाही."

हे गप्प. पंखा गरगरत राहिला.

"खरं सांगा, त्या दिवशी पोहे कसे होते?"

"कुणाला आठवतंय? आईनं बजावून नेलं होतं मला. काहीही पुढे आलं तरी एवढंच म्हणायचं. दुसरं काही बोलायला जाऊ नकोस, म्हणाली, जमत आलेलं मोडेल."

मग मीही मावशीचं सांगून टाकलं. हे एवढे हसले की ठसका लागला. पोहे मावशीचे, वाक्य सासूबाईंचं. एकमेकींना पसंत पडल्या त्या दोघी; आम्ही दोघं नुसते वेटर.

मी मिठाची बरणी पुढे सरकवली. ह्यांनी आधी माझ्या ताटात चिमूट टाकली, मग स्वतःच्या. पुन्हा एक घास घेतला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या मनातलं वाक्य बोलले:

"अगं, अजूनही अळणीच आहे."