फेसाचा सोस

आमच्या दीड वर्षाच्या नातवाच्या अंघोळीआधी घरात सर्वपक्षीय बैठक बसते. हिचा पक्ष मसुराच्या पिठाचा. "सासूबाईंनी यांना याच पिठानं घासून काढलं होतं," असं म्हणून ती पुरावा म्हणून मला पुढे करते. माझा रंग पाहून सूनबाई गप्प बसते, पण पटलेली दिसत नाही. मालिशवाल्या मावशींच्या मते अंग लाल झाल्याशिवाय अंघोळ झालीच नाही. चिरंजीव बाटलीवरचं वाचून दाखवतात, 'डोळ्यांना झोंबत नाही.' अहो, पण बाकीच्या अंगाचं काय?

ज्याच्यासाठी हे चाललंय तो तोवर साबणाच्या ओल्या वडीला दात लावतो, तोंड वाकडं करतो आणि चव बदलली का ते पाहायला पुन्हा चावतो.

पोराच्या गुडघ्यामागे खरखरीत चट्टे उठले तेव्हा बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांचीच हजेरी घेतली. कातडी किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण साडेपाच. नेहमीच्या वडीचा नऊ-दहा. मुलांची कातडी मुळात पातळ, त्यात रोज असा साबण फासला की अंगचं तेल जातं, कोरड पडते, खाज सुटते. सौम्य, बिनवासाचा साबण घ्यायचा, तोही काखा, जांघा, गळ्याच्या वळ्या, ढुंगण आणि मातीत लोळून आलेले हातपाय एवढ्यापुरताच. बाकी अंगाला कोमट पाणी पुरे. पाच-दहा मिनिटांत आटपायचं, टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. आणि पीठ? "भज्यांना ठेवा," बाई म्हणाल्या. ही अजून त्या बाईंशी नीट बोलत नाही.

चट्टे आठवड्याभरात निवळले. पण घरात हळहळ आहे. फेस नाही म्हणून मावशी नाराज, वास नाही म्हणून ही. "पाहुणे काय म्हणतील, पोराला न्हाऊ घालत नाहीत?" पाहुणेही तसलेच, मूल उचललं की पहिलं नाक त्याच्या मानेत. त्या मानेवर रॅश उठला तर खाजवायला मात्र एकटा तोच!

तेव्हा मंडळी, दुकानात वडी नाकाला लावून पसंत करू नका. 'बेबी' ही पुढची मोठी अक्षरं सोडा, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा आणि त्यात 'परफ्यूम' दिसलं की वडी मुकाट्यानं जागेवर ठेवा.