रिंग गेलेला कोकीळ

माझा मामा नुसत्या तोंडाने तित्तिर बोलवायचा. बांधावर उकिडवा बसून दोनदा 'कतीतर, कतीतर' केलं की पलीकडच्या झुडपातून उत्तर हजर. ही विद्या त्याने फासेपारध्यांकडून उचललेली. त्यांची ती पोटासाठी, मामाची हौसेपायी. (१९७२च्या वन्यजीव कायद्याने तित्तिर पकडणं आता गुन्हा आहे, त्याच्याशी नुसत्या गप्पा मारण्याबद्दल कुणाची तक्रार नसावी.)

मला हे सुचलं पन्नाशीत, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. कोकीळ निवडला, कारण सोपा वाटला. ओठांचा चंबू करायचा, जीभ मागे ओढायची आणि शिट्टी फुंकता फुंकता ती हळूहळू पुढे सरकवायची, की सूर वर चढतो. माझा चढेना. आठ दिवस नुसती वाफ. आतून बायको म्हणाली, "अहो, तुमची रिंग गेलीय. बदलून घ्या."

पण यंत्रातच फरक आहे हो. आपला आवाज गळ्यात वरच्या बाजूला तयार होतो. पक्ष्याचं वाद्य खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. काही पक्षी तर दोन्ही फाट्यांतून एकाच वेळी दोन वेगळे सूर काढतात. मला एकाची मारामार.

नवव्या दिवशी पहाटे समोरच्या आंब्यातून उत्तर आलं. मी पुन्हा 'कुऽहू'. तो एक पट्टी वर. मी आणखी वर. तो अगदी टिपेला. जुगलबंदी! आठवडाभर मी सोसायटीत मान ताठ ठेवून वावरलो. मग दुर्बीण गळ्यात घालून हिंडणाऱ्या एका शेजाऱ्यांनी खुलासा केला. कवी कोकिळेला कितीही गायला लावोत, 'कुहू' करतो तो काळा नर. ठिपक्यांची मादी नुसतं 'किक् किक्' करते. आणि हद्दीत दुसरा नर आला की हा असाच चढत्या आवाजात ओरडतो. "तो तुम्हाला चालता हो म्हणतोय," ते म्हणाले.

म्हणजे आठवडाभर मी दाद म्हणून ऐकत होतो त्या शिव्या होत्या. वाईट वाटलं, पण फार नाही. घरच्यांनी मला कुकर ठरवलं होतं, यानं निदान नर कोकीळ तरी मानलं.

खरी पंचाईत वैशाखात झाली. आंब्यावर कावळ्याचं घरटं होतं. कोकिळेची अंडी आपल्याच घरट्यात येऊन पडतात म्हटल्यावर कावळ्याचा त्या जातीवर राग असणारच. मी सूर लावला आणि एरवी पिंडाला हात जोडून बोलावलं तरी न येणारा तो पक्षी न बोलावता आला. माझ्या टकलावर नेमकी मधोमध टोच मारून गेला.

आयोडीन लावून मामाला फोन केला. तो आता पंच्याऐंशीचा आहे, कमी ऐकू येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं.

"कावळ्यानं टोचलं?" तो म्हणाला. "मग लागला रे तुझा सूर."