नाकाताचे नेटकरी

तोक्योच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये हे गृहस्थ हमखास दिसतात. पन्नाशीची उमर, कडक इस्त्रीचा सूट, दिवसभर साहेबापुढे वाकून वाकून दमलेली मान. जपानी गाडीत फोनवर बोलणं शिष्टाचारात बसत नाही, त्यामुळे त्यांची सगळी भांडणं अंगठ्याने चालतात. कुणीतरी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताची जुनी चित्रफीत टाकलेली असते आणि खाली कुणा पोराने विचारलेलं असतं, ‘हा तो साकेवाला काका ना?’

झालं! गृहस्थांची दोन स्टेशनं उत्तरातच जातात.

पोराचंही चूक नाही. नाकाताने २००६ साली, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी बूट काढले, जग पालथं घातलं आणि मग जपानभर हिंडून साके म्हणजे तांदळाची दारू आणि कारागिरी यांचा प्रचार मांडला. निवृत्तीची बातमीसुद्धा त्याने स्वतःच्या संकेतस्थळावरच दिली. पत्रकारांशी त्याचं कधी फारसं पटलंच नाही. ती बातमी आपल्यालाच धाडलेलं खासगी पत्र होती, अशी या गृहस्थांची समजूत आहे. ते अजून उत्तरं पाठवताहेत.

माहिती मात्र खडान्‌खडा. १९९८ साली पेरुजियाकडून इटलीतल्या पहिल्याच सामन्यात नाकाताने युव्हेंटसवर दोन गोल मारले. पेरुजिया ४-३ने हरलं, हा तपशील ते ओघात गिळतात. मे २००१चा रोमाचा सामना तर तोंडपाठ! पुन्हा युव्हेंटस, रोमा दोन गोलांनी मागे, रोमाचा कर्णधार तोत्ती याला बसवून नाकाताला उतरवलं, त्याने लांबून सणसणीत गोल ठोकला आणि शेवटी बरोबरी झाली. त्या मोसमाचं अजिंक्यपद रोमाला मिळालं ते तोत्ती बाकावर गेल्यामुळे, असं ते छातीठोकपणे लिहितात. रोममध्ये हे बोलून दाखवायची त्यांची छाती होईल असं मला वाटत नाही.

विरोधी पक्षही तयारीचा असतो. ‘काझू मिऊरा नाकाताहून दहा वर्षांनी मोठा, तरी पन्नाशी ओलांडून खेळत राहिला. तुमचा मधेच का पळाला?’ त्यावर यांचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्या देवाने वेळेवर देव्हारा सोडला.’ पण डॉर्टमुंडचं नाव निघालं, की अंगठा अडखळतो. २००६च्या विश्वचषकात ब्राझीलकडून ४-१ मार खाल्ल्यावर नाकाता मैदानाच्या मधोमध कितीतरी वेळ उताणा पडून राहिला होता. कुणी त्या पडण्याला नाटक म्हटलं, तर गृहस्थ त्याला ब्लॉकच करतात.

असा कुणी तुम्हाला इझाकायात, म्हणजे जपानी गुत्त्यात, भेटला, तर खुशाल पेला भरा. पण १९९७च्या जोहोर बाहरूचा विषय तेवढा काढू नका. इराणविरुद्धचा तो गोल्डन गोल, ज्याने जपान पहिल्यांदा विश्वचषकात पोहोचला, मारला होता ओकानोने. पण चेंडू नाकाताच्या फटक्यावरून परतलेला होता, एवढं सिद्ध करण्यात तुमची शेवटची लोकल चुकेल.