बाहेरून मुंबई

मुंबईत आत शिरायला पैसे पडतात. बाहेरून बघायला अजून कुणी तिकीट लावलेलं नाही. या एकाच तत्त्वावर कोल्हापूरच्या आम्हा चौघांची सहल उभी होती, आणि तत्त्व इतकं नाजूक आहे, की महापालिकेच्या कानावर जाऊ नये म्हणून हे सदर जरा हळू आवाजात वाचावं.

पदवाटप आधीच झालं होतं. एक खजिनदार, कारण त्याच्याकडे वही होती. एक फोटोग्राफर, कारण त्याचा मोबाईल हप्त्यावरचा होता. एक मार्गदर्शक, कारण तो बारावीनंतर भरतीसाठी मुंबईला गेला होता आणि भरती न होता परत आला होता. चौथा मी. माझ्याकडे भडंगाची पिशवी. कॉन्ट्री ठरली माणशी दोन हजार. दोन हजारांत मुंबई कशी बसवायची, यावर ग्रुपवर जे व्हॉईस मेसेज पडले, त्यांच्या रिचार्जच्या पैशांत पाचव्याला नेता आलं असतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसला आम्ही गाडी म्हणत नाही, लॉज म्हणतो. रात्री कोल्हापुरात आडवं व्हायचं, सकाळी सीएसएमटीला उठायचं. उतरलो तेच पहिल्या प्रेक्षणीय स्थळात. हे स्टेशन 2004 पासून जागतिक वारसा आहे, असं मार्गदर्शकाने सांगताच खजिनदाराने वहीत लिहिलं: ‘जागतिक वारसा, नग एक, खर्च शून्य.’ पुढे ओव्हल मैदान. एका अंगाला राजाबाई टॉवर आणि त्याच्या गॉथिक भावकीच्या इमारती, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या गोलाकार गॅलऱ्या. ही दोन्ही मंडळी मिळून 2018 मध्ये त्याच यादीत गेली. मैदानात मधोमध उभं राहून मान डावीकडून उजवीकडे फिरवली, की दुसरा वारसा पदरात. मानेला भाडं नाही.

गेटवेपर्यंत बेस्टने जायचं होतं आणि तिथेच अंदाजपत्रक कोसळलं. मार्गदर्शकाने सगळा हिशेब 5 रुपये तिकिटाने मांडला होता. बेस्टचं किमान भाडं मे 2025 मध्ये 10 रुपये झालंय, हे त्याच्या गावी नव्हतं. सरकारांची अंदाजपत्रकंही अशीच कोसळतात, पण त्यांना पुरवणी मागण्या मांडता येतात. आम्हाला चालावं लागलं.

गेटवे ऑफ इंडिया मात्र आमच्यासारख्यांचं तीर्थक्षेत्र निघालं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 मध्ये इथे उतरले, त्यांच्या स्वागतासाठी हे दार बांधलं, असं शाळेत शिकवतात. पण ते आले तेव्हा दार कुठे होतं? सम्राटाला दाखवला गेला तो पुठ्ठ्याचा नमुना. दगडी दार पुरं होऊन उघडलं 1924 मध्ये. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याचीही मुंबई सहल बजेटमध्येच उरकली, हे कळल्यावर खजिनदाराच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते कुठल्याही फोटोत उतरलेलं नाही. 1948 च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसली. आले पुठ्ठ्यातून, गेले दगडातून. ठेकेदार कोण होता याची चौकशी तेव्हाही झाली नसावी.

समोर घारापुरीला जाणाऱ्या लाँचा लागलेल्या. लाँचचं तिकीट वेगळं, वरच्या डेकवर बसायचं वेगळं, लेण्यांत शिरायचं वेगळं. मार्गदर्शक त्रिमूर्तीबद्दल भरभरून बोलत होता. खजिनदाराने वही मिटली.

“मर्दा, लेणीच बघायची तर जोतिबाच्या वाटंवर पोहाळ्याला हायत की. समुद्र कशाला वलांडायचा?”

“ती बघितलीस का तू कधी?”

“नाही. पण फुकट हायत.”

घारापुरीचं बेट धक्क्यावरून धुरकट का होईना दिसत होतं. खजिनदाराने वहीत तिसरा वारसा चढवला आणि त्यापुढे कंसात ‘लांबून’ असं लिहिलं. माणूस हिशेबात प्रामाणिक आहे. पाठीमागे 1903 चं ताजमहाल हॉटेल. तिथे चहा केवढ्याला, हे विचारायला फोटोग्राफर दरवाजापर्यंत गेला आणि दरवानाने इतक्या अदबीने सलाम ठोकला की तो घाबरून परत आला.

दुपारच्या उन्हावर उतारा म्हणून काळा घोड्याजवळचं जहांगीर कलादालन. 1952 मध्ये सुरू झालेली ही संस्था चित्रकलेसाठी प्रसिद्ध आहे खरी, पण प्रवेश फुकट आणि आत एसी, ही तिची कामगिरी समीक्षकांनी दुर्लक्षिली आहे. आम्ही एका भल्यामोठ्या अमूर्त चित्रासमोर बराच वेळ तल्लीन उभे होतो, कारण गार हवेचा झोत नेमका तिथेच येत होता. अशी रसिकता पाहून चित्रकार स्वतः जवळ आले.

“काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“गार वाटतं,” फोटोग्राफर म्हणाला.

चित्रकार गंभीर झाले. निळ्या रंगातला तो थंडपणा आजवर कुणी ओळखला नव्हता म्हणे. तेवढ्यात खजिनदाराला किमतीचा कागद सापडला. “दीड लाख? यात दोन म्हशी येतील, त्याबी दूध देणाऱ्या,” हे तो पुटपुटला, पण कोल्हापूरकराचं पुटपुटणं शेजारच्या दालनातही ऐकू जातं.

राणीच्या बागेत मात्र बाहेरून बघायची सोय नाही. 2017 मध्ये दर वाढले ते असे: मोठ्या माणसाला 50 रुपये, आणि आई, वडील, दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला 100. म्हणजे चार मित्र गेले तर 200 आणि त्याच चौघांनी संसार थाटला तर निम्म्यात. मुलं व्हायला खजिनदार आणि मी लगेच तयार झालो. वडिलांसाठी मार्गदर्शकाच्या मिश्या पुरेशा होत्या. घोडं अडलं आईवर. फोटोग्राफर म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. खजिनदार म्हणाला, तत्त्व शंभर रुपयांचं आहे. खिडकीतल्या बाईंनी आमच्याकडे एकदा पाहून न विचारता चार तिकिटं फाडली.

आत पेंग्विन. 2016 मध्ये थेट सोलहून विमानाने आलेले. यांना राहायला एसी घर, पोहायला तलाव, वेळच्या वेळी मासे, आणि सगळी कॉन्ट्री महापालिकेची. मुंबई बघायला आलेल्यांत बजेटचं गणित जमलंय ते फक्त त्यांना. काचेबाहेर उभे राहून आम्ही त्यांच्याकडे बघत होतो आणि तेही आमच्याकडे बघत होते. त्यांना आम्ही फुकट दिसत होतो.

संध्याकाळी अल्टामाउंट रोडला जाऊन अँटिलिया पाहिलं. सत्तावीस मजले. मोजताना मार्गदर्शक अकराव्यावर चुकला. लाईट बिलाचा अंदाज, झाडू किती लागत असतील, पाणी चोवीस तास असेल का, या विषयांवर फुटपाथवर तज्ज्ञांची चर्चा झाली आणि पोलिसाने तज्ज्ञांना पुढे काढलं. शेजारी उभ्या असलेल्या एका मुंबईकराला आम्ही विचारलं, तुम्ही आतून पाहिलंय का? तो हसला. ही बिल्डिंगच काय, मुंबईतलं बरंचसं त्याने बाहेरूनच पाहिलं होतं, तेही लोकलच्या दारात लटकून. तो आमच्याच सहलीतला. आमची कॉन्ट्री एकदाच गेली, त्याची दर महिन्याच्या पाच तारखेला बँक कापून घेते.

मुक्काम डोंबिवलीला, मार्गदर्शकाच्या मावसकाकांकडे. स्वस्तातल्या प्रत्येक मुंबई सहलीचा पाया असा एखादा नातेवाईकच असतो, आणि प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख नसतो. आम्ही गुळाची ढेप घेऊन गेलो होतो. संध्याकाळच्या लोकलमधून ती ढेप डोंबिवलीला पोचली तेव्हा काकवी व्हायची तेवढी बाकी होती. हॉलमध्ये चौघं असे झोपलो, की कुणाला कूस बदलायची तर आधी ठराव मांडून तो मंजूर करून घ्यावा लागे. काका तीस वर्षं मुंबईत. घारापुरी त्यांनीही धक्क्यावरूनच पाहिलेली. काकूंनी पिठलं-भात वाढला, सकाळी पोहे केले, “अवघडू नका, घरचेच आहात” असं सारखं म्हणत राहिल्या. खजिनदाराने वहीत लिहिलं: ‘निवास व भोजन, शून्य.’

हिशेब लागला तेव्हा माणशी काही रुपये शिल्लक राहिले. खजिनदाराचा फोटो ग्रुपचा डीपी झाला. राज्याचं अर्थखातं याच्याकडे द्यावं, इथपर्यंत मजल गेली.

मग एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. मे महिन्यात ते येतायत. काकू, दोन मुलं, जावई, जावयाचे आईवडील आणि शेजारचे एक जोशी. पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, रंकाळा, सगळं निवांत बघायचंय. गाडी तुमचीच असेल ना? आणि हॉटेलचं जेवण काकूंना सोसत नाही, तेव्हा तांबडा-पांढरा घरीच करा. अवघडू नका, आपण घरचेच आहोत.

खजिनदाराने त्या दिवशीचा मटणाचा भाव वहीत लिहिला, आठाने गुणला, चाराने भागला, आणि ग्रुप सोडला.